दोन वह्यांमधलं गाव

इंग्रजी अमदानीतली एखादी पेठ घ्या. १८६० ते १८८०च्या दरम्यानचं नगर, धुळे किंवा वऱ्हाडातलं खामगाव. दुकानात उमेदवार म्हणून चिकटलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची कामं तिथे ठरलेली: झाडलोट, गादीची चादर झटकणं, दिवाबत्ती, शाई घोटणं, बोरू तासणं आणि वसुलीला शेटजींच्या मागे वही काखोटीला मारून चालणं. गोष्टी लिहिणारे अशा पोराला हमखास एखादं भुयार सापडवून देतात, नाहीतर जुन्या वाड्यातली पेटी. मला ते कधी पटलं नाही. गावातली बहुतेक घरं त्याच्या दुकानात खात्याच्या रूपाने मांडलेली असत. भुयार कशाला खणायचं? अडचण एवढीच की गुपित कुठल्याही एका वहीत पुरतं लिहिलेलं नसे. एकाच तिथीला दोन वह्या उघडून शेजारी ठेवाव्या लागत.

ते कसं करायचं हे त्याला कोणी शिकवत नसे. हाताखाली राहून, चूक करून, टपली खाऊन तो शिके. आज माळ्यावरून लाल खारव्यात बांधलेलं जुनं दप्तर काढणाऱ्यालाही त्याच वाटेने जावं लागतं.

आधी शाई, कारण ती पोराच्याच हातची. काळी शाई दोन जातींची. एक काजळाची: दिव्याचं काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी, तासन्‌तास घोटलेलं. दुसरी हिरडा आणि हिराकसाची. काजळाची शाई दीडशे वर्षांनीही काळीभोर राहते, पण ती कागदाच्या वरच बसते. ओला हात लागला की फिसकटते. हिरड्याची शाई कागदात मुरते, काळाबरोबर तपकिरी होते आणि जिथे रेघ जाड पडली तिथे कागद खाते. घोटाई कमी पडली तर काजळाचे कण बोरूच्या चिरेत अडकून रेघ मध्येच तुटते. डिंक जास्त झाला तर अक्षर चकचकतं आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात.

आता याचा उपयोग बघा. पानावरच्या सगळ्या नोंदी काळ्या आणि मधलीच एक तपकिरी असेल, तर ती दुसऱ्या दौतीतली. तेवढ्यावरून ती मागाहून घुसवलेली ठरत नाही. सकाळची दौत सांडलेलीही असू शकते. दुसरी खूण शोधायची. मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवतो. त्यामुळे खऱ्या ओळींतलं अंतर साधारण सारखं असतं. मागाहून आलेल्या नोंदीला रेघेची जागाच मिळत नाही. ती वरच्या ओळीच्या पोटात शिरते, अक्षर बारीक होतं, रेघ तोकडी पडते. शाई आणि जागा दोन्ही बोट दाखवत असतील तर संशय धरावा.

फाडलेलं पानही असंच पकडता येतं. देशी वही मधोमध शिवलेली असते, म्हणजे एका कागदाची दोन पानं होतात. पुढचं एक फाडलं की त्याचं जोडपान मागे सुटं होतं आणि चतुर माणूस तेही काढून टाकतो. मग राहते दोऱ्याची ढिलाई. वहीच्या मध्यावर दोरा किती सैल आहे ते पाहिलं की किती जोड्या गेल्या याचा अंदाज येतो. विलायती कागदाची वही असेल तर पान उजेडात धरावं. अनेक विलायती कागदांत जलचिन्हात कारखान्याचं नाव आणि साल असतं. १८७१ साल दाखवणाऱ्या कागदावर १८६८चा कर्जरोखा लिहिलेला निघाला, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

तारखेचा घोळ मात्र सगळ्यांनाच भोवतो. शके दिलं असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि पुढच्या फाल्गुनापर्यंत ७९. शके १७९७चा वैशाख म्हणजे १८७५चा मे महिना. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर आपल्याकडे ५९० मिळवायचे. ते साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या तारखेला ५९१. इथवर सोपं आहे. खरी मेख मारवाडी पेढीच्या वहीत. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना एकाने पुढे. आपल्या वहीतला वैशाख वद्य पंचमीचा व्यवहार समोरच्या पेढीत ज्येष्ठ वदी पंचमीला दिसतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, पैसे महिनाभर कुठे अडकले होते! कित्येक ‘गुपितं’ अशी नुसत्या पंचांगातून जन्मलेली असतात. आधी ती वजा करावीत.

मोडीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात. त्यामुळे सुट्या अक्षरांवर डोळे फोडण्यापेक्षा ठरीव साचे ओळखावेत: ‘जमा’, ‘नावे’, ‘बाकी’, ‘हस्ते’, ‘गुजारत’, ‘बाबत’. वहीतला निम्मा मजकूर या साच्यांचाच. साचा ओळखला की उरतं ते माणसाचं नाव किंवा जिन्नस, आणि ते पुढच्या चार पानांत पुन्हा येतंच. दुसरी गोष्ट आकड्यांची. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. वहीत रुपयाच्या पुढची उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या रेघा आठ आणे, तीन बारा. त्यापुढच्या आडव्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणजे १६।= हे सोळा रुपये सहा आणे. उभ्या रेघेला एक समजून १६१ वाचलं की सगळा मेळ बोंबलतो, आणि नवशिके नेमकं तेच वाचतात.

आता मुख्य वही, रोजकीर्द. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात. रूळ मारलेल्या रकान्यांचं काम ते सळ करतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. डावी बाजू कालच्या शिलकेने उघडते, आणि रात्री दोन्ही बाजूंची बेरीज करून उरलेली शिल्लक पेटीतल्या नाण्यांशी ताडून बघतात. यातून एक साधा नियम निघतो: पेटीत नाही तेवढं पेटीतून जाऊ शकत नाही. हिशेबनिसाची लबाडी उघडी पाडायला याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही.

समजा एका दिवशी मागील शिल्लक ४१।, रोख विक्री २३॥ आणि वसुली १५. बेरीज ७९॥।. नावेच्या बाजूला माल खरेदी ९५ आणि हमाली १=, म्हणजे ९६=. गेले जास्त, होते कमी, फरक १६।=. हे सोळा रुपये सहा आणे आले कुठून? एक तर खरेदी उधारीची होती आणि रोख म्हणून लिहिली गेली, किंवा दुकानात असा पैसा आला जो जमेच्या बाजूला लिहायचा नव्हता. पहिली शक्यता खतावणीत, म्हणजे खातेवार मांडलेल्या वहीत, त्या अडत्याचं खातं काढून पाहिली की मिटते. तिथे रक्कम आठ दिवसांनी चुकती झालेली दिसली तर प्रकरण साधं. नाही दिसली तर पोराने कान टवकारावेत.

लबाड मुनीम अर्थात असा उघडा खड्डा सोडत नाही. त्यासाठी उचंत खातं असतं. ज्या रकमेचा धनी अजून ठरलेला नाही तिचा मुक्काम तिथे. चार दिवसांचा मुक्काम रीतीचा आहे. पण जी रक्कम उचंतीत दिवाळीपर्यंत पडून राहते, वह्या बदलताना नव्या वहीत उचंत म्हणूनच ओढली जाते आणि दोन वर्षांनी धर्मादाय किंवा घरखर्च खाती मुकाट्याने जिरते, तिला बाप असतो. त्याचं नाव लिहायचं नसतं एवढंच. अशा रकमेची तिथी घ्यावी आणि त्या आठवड्यात कोणाचं खातं अचानक हलकं झालं ते बघावं.

कापडाच्या दुकानातली माझी आवडती वही जांगडीची. माल पसंतीला म्हणून घरी पाठवायचा, आवडला तर ठेवून घेतील, नाहीतर परत. त्याची ही टाचणवही. लुगडं कोणाच्या घरी गेलं, कोणाच्या हस्ते, कधी परत आलं, एवढंच तिच्यात. पैशांचा तिथे संबंध नाही, म्हणून लिहिणाराही मोकळेपणाने लिहितो. आता ती खतावणीशेजारी ठेवा. लुगडं गेलं एका आळीत आणि रक्कम नावे पडली दुसऱ्या आळीतल्या गृहस्थाच्या खाती. एकदा असं झालं तर नात्यातला आहेर असेल. दर संक्रांतीला, दर दिवाळीला, वर्षानुवर्षं होत राहिलं, तर गावाला जे कुजबुजत माहीत होतं ते दुकानाला बाबतवार माहीत होतं. माल पोचवायला जाणारा पोरगाच असल्याने त्याला दार कोणी उघडलं तेही ठाऊक. अशी नोंद दीडशे वर्षांनी वाचणाऱ्यानेसुद्धा जरा सांभाळून बोलावं. त्या घरातली माणसं अजून त्याच आळीत राहत असतात.

छावणीजवळच्या दुकानांत आणखी एक ओळ ठरलेली: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साहेबाच्या बंगल्यावर गेलेली डाली, म्हणजे फळफळावळ, मिठाई, कधी बाटल्या. दिवाळीला शिपाई-प्यादे पोस्त घेऊन जात, त्याची किरकोळ रक्कम वेगळी. डालीचा खर्च एकाएकी दुप्पट झालेला दिसला की त्याच्या मागेपुढे मक्ता, परवाना किंवा फिर्याद यांपैकी काहीतरी शोधावं, बहुधा सापडतं.

पण ज्या गुपिताने या मुलखाचा इतिहास हलवला ते रोख्यांत होतं, आणि तिथे जरा थांबायला हवं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि पाठोपाठ पुणे-नगर भागात गावोगावी तेच झालं. या दंग्यांत जीवितहानी फारशी नव्हती. लोकांना हवे होते कागद. रोखे आणि खतं बाहेर काढून जाळली गेली. अक्षरशत्रू कुणब्याला नेमकं काय जाळायचं ते पक्कं माहीत होतं.

रोख्यात असं काय होतं? दामदुपटीच्या जुन्या रीतीने व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. शंभर दिले तर एका वेळी फार तर दोनशे वसूल. इंग्रजांच्या कोर्टानेही मुंबई इलाख्यात ही रीत मानली. पण १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आली. कायदा करणाऱ्याला वाटलं असेल की जुनी भुतं उकरायला नकोत. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार दारात: नवा रोखा लिहून दे, नाहीतर दावा लावतो.

दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज धरा. १०० रुपयांचं तीन वर्षांचं व्याज ७२. नवा रोखा १७२चा, आणि आता हे सगळं मुद्दल. पुढच्या तीन वर्षांत त्यावर १२३ रुपये १३ आणे व्याज, म्हणजे तिसरा रोखा २९५ रुपये १३ आण्यांचा. नऊ वर्षं भरली की आकडा ५०८ रुपयांच्या वर. प्रत्येक रोखा सुटा वाचला तर दामदुपटीच्या आत आहे, कुठेही कायदा मोडलेला नाही. शंभराचे पाचशे झाले ते तीन रोखे ओळीने लावल्यावरच दिसतं. कोर्टासमोर मात्र फक्त शेवटचा येई, कारण नवा झाला की जुना फाडून टाकत किंवा परत देत.

बाकी मखलाशी रोजकीर्दीत उघडी पडते. रोखा १०० रुपयांचा, आणि त्याच तिथीला डावीकडे मनुती खाती ५ जमा. म्हणजे ऋणकोच्या हातात पडले ९५, व्याज चालू शंभरावर. मग धान्याने केलेली फेड. खळ्यावरची ज्वारी शीग लावून मापून घ्यायची आणि सुगीतल्या पडत्या भावाने जमा करायची. तीच ज्वारी आषाढात बी-पोटगीला देताना माप सपाट आणि भाव चढा. हे ताडून पाहायला खातेदाराच्या खात्यावरचा भाव आणि त्याच आठवड्यातल्या रोख विक्रीचा भाव शेजारी ठेवायचे. दोन्ही एकाच दुकानाच्या वहीत, एकाच हाताने लिहिलेले. दंगे शमल्यावर सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. त्याने कोर्टाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब काढायला लावलं, सावकाराला पावती आणि खातेउतारा देणं भाग पाडलं, रोख्यांची गावपातळीवर नोंदणी आणली. थोडक्यात, चौकस उमेदवार आतून जे पाहू शकत होता ते आता न्यायाधीशाने बाहेरून पाहायचं होतं. कायद्याने किती साधलं यावर पुढे बरेच वाद झाले आणि ते खोटे नव्हते. सावकारांनी कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायची वाट धरली.

रोखा मुद्रांकाच्या कागदावर असेल तर मागची बाजू आधी वाचावी. विक्रेत्याने कोणाला, कधी, किती किमतीचा कागद विकला ते तिथे लिहिलेलं असतं. पुढची तिथी मागच्या तारखेच्या आधीची असेल तर तो रोखा मागली तिथी घालून बनवलेला. अशा चुका फार होत, कारण पुढची तिथी शकाची आणि मागची तारीख इंग्रजी.

वहीबाहेरचं गुपित तराजूत. खोटा तराजू दोन प्रकारे खोटा असतो आणि दोन्हींची परीक्षा वेगळी. एकात पारड्याखाली पासंग असतो, मेणाचा गोळा किंवा शिशाचा तुकडा. दुसऱ्यात दांडीची एक बाजू जराशी लांब असते आणि पारड्यांच्या वजनाने ती सावरून घेतलेली असते. दुसरा रिकामा अगदी सरळ उभा राहतो, म्हणून जास्त धोक्याचा. माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. एकदा ४० शेर आणि एकदा ४१ शेर भरलं, तर खरं वजन साडेचाळीसच्या जवळ. मग हेच एका शेरावर करून पाहायचं. फरक तेवढाच राहिला तर पासंग आहे. वजनाच्या प्रमाणात घटला तर दांडी.

वजनं तपासायला सरकारी रुपयासारखं साधन नव्हतं. १८३५पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. पाच रुपये म्हणजे छटाक, वीस म्हणजे पावशेर, ऐंशी म्हणजे पक्का शेर. नवे, न झिजलेले वीस रुपये पारड्यात टाकले की पावशेराच्या लोखंडी वजनाची जात कळते. गोम अशी की शेर गावोगावी वेगळा आणि मणही. सरकारी मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, मुंबईचा मण २८ पौंडांचाच. कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि दाबलेली गाठ तिच्या निम्मी, ३९२ पौंडांची. वहीत नुसतं ‘मण ५’ दिसलं तर कुठला मण हे आधी ठरवावं, मगच कोणाला चोर म्हणावं.

रुपयाचंही तसंच. वऱ्हाडात निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार बाजूबाजूला चालत. देशावर जुने अंकुशी, चांदवडी लोकांच्या गाडग्यांत बरीच वर्षं राहिले. एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा पडे. जमा हालीत आणि नावे कलदारात लिहून बट्टा न दाखवला, तर मधला फायदा कोणाच्या खिशात गेला हे बेरजेत कधीच दिसत नाही. त्यासाठी रकमेच्या आधी नाण्याचं नाव आहे का एवढंच पाहायचं.

दुकानदाराची सांकेतिक भाषा हा तर पोरांचा आवडता खेळ असणार. तोंडी व्यवहारात नंदभाषा: केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, आणि भुरका म्हणजे रुपया. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशातही तिची नोंद आहे, म्हणजे तोवर तिच्यात फारसं गुप्त काही उरलं नव्हतं. बैलबाजारात आणि अडतीवर रुमालाखाली बोटं धरून सौदा होई. चार बोटं म्हणजे चार, चाळीस की चारशे हे आधी तोंडी ठरलेलं, त्यामुळे बघ्यांना काही कळत नसे.

मालावरच्या चिठ्ठीत खरेदीची किंमत अक्षरांत लिहिण्याची रीत मात्र अजून चिवट होती. दहा वेगवेगळ्या व्यंजनांचं एखादं वाक्य घ्यायचं. ‘गोड बोल, हात जपून दे’ हे मी इथे बनवलेलं. ग एक, ड दोन, ब तीन, असं करत न नऊ आणि द शून्य. मग चिठ्ठीवर ‘ब-प’ म्हणजे तीन रुपये आठ आणे. वाक्य फक्त मालक आणि मुनीम यांना ठाऊक. पोराने ते फोडायचं कसं? आण्यांच्या जागेवरून. आणे पंधराच्या वर जात नाहीत, म्हणून तिथे दोन अक्षरं आली की पहिलं अक्षर नेहमी एकाचं. दर बहुतेक पावलीच्या पटीत, म्हणजे चार, आठ, बारा. आण्यांच्या जागी वारंवार दिसणारी दोन एकेरी अक्षरं चार आणि आठ, आणि जोडीतलं सर्वांत जास्त येणारं दुसरं अक्षर दोन. पंचवीस-तीस चिठ्ठ्यांत चार आकडे हाती लागतात. उरलेले खरेदीवहीत त्याच गाठोड्याचा दर पाहून. यानंतर गिऱ्हाइकाला शेटजी ‘खरेदीच्या भावात देतो’ म्हणाले की पोराला मान खाली घालून गाठ बांधावी लागत असणार.

हुंडीत, म्हणजे एका पेढीने दुसरीवर काढलेल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीत, लपवाछपवी कमी, उलट सगळी रचना लबाडी थोपवायची. रक्कम अंकांत, अक्षरांत, आणि पुन्हा ‘निमे रुपये पन्नास, याचे दुप्पट पुरे शंभर’ अशी अर्ध्यातून. कोणी शंभराचे हजार केले तरी निमे पन्नास त्याला आडवे येतात. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, तिला ‘पेठ’ म्हणत; तीही गेली तर तिसरी, ‘परपेठ’. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. तिचा आता पुराव्यापुरता उपयोग. या खोक्यांचा जुडगा हाती लागला तर पाठीवरचे शेरे ओळीने वाचावेत, कारण खामगावचा पैसा मुंबईला कोणाकोणाच्या हातून पोचला ते तिथे क्रमाने आलेलं असतं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत मुंबईत कापसाचं सोनं झालं. तेव्हाच्या जुडग्यांत नवी नावं भराभर येतात आणि लढाई संपल्यावर तितक्याच भराभर नाहीशी होतात. कोणाची हुंडी नाकारली गेली हे तार आल्यापासून त्याच दिवशी कळू लागलं. तार घेऊन धावणारा पुन्हा दुकानातला पोरगाच, आणि ती मुनिमाला वाचून दाखवायला पेठेत इंग्रजी जाणणारी माणसं थोडी. १८७०मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला, तोवर हा खेळ चांगलाच रुळलेला होता.

आता माळ्यावरच्या दप्तराकडे. गाठ सोडण्याआधी वह्या कुठल्या क्रमाने रचल्या आहेत त्याचे फोटो काढावेत; क्रम हाही पुरावा असतो. चिकटलेली पानं पाण्याने किंवा वाफेने सोडवायला जाऊ नये, काजळाची शाई पहिल्याच फटक्यात निघून जाते. वाळलेल्या शाईवर टाकलेली वाळू शिवणीत साठलेली असते, ती मऊ कुंचल्याने काढावी, फुंकरीने नाही. ओठांचा ओलावाही पुरतो. मग रोजकीर्द आणि खतावणीची अशी जोडी शोधावी जिचं साल एक आहे. जोडी नसेल, नुसती खतावणी असेल, तर खात्याच्या प्रत्येक रकमेपुढे रोजकीर्दीच्या पानाचा आकडा असतो. ते आकडे वेगळ्या कागदावर चढत्या क्रमाने मांडले की हरवलेल्या रोजकीर्दीचा सांगाडा उभा राहतो: कुठल्या पानावर कोणती रक्कम होती, कुठली पानं कोणत्याच खात्यात येत नाहीत. न येणाऱ्या पानांपासून सुरुवात करावी.